धान्यातल्या किड्यांच्या मागे लागलेला साहेब शेवटी स्वतःच विषारी वायूचा बळी ठरला, त्याची ही गोष्ट

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळलं की थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक लागतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे या गावाचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पण आजचा विषय इतिहासाचा नाही. तो वढूसारख्या गावातल्या प्रत्येक घराच्या कोठीघराचा आहे.

शिरूर-दौंडचा हा पट्टा मूळचा बाजरीचा आणि शाळूचा. पाणी आलं, ऊस वाढला, तरी वर्षाचं धान्य घरात भरून ठेवायची सवय गेलेली नाही. उन्हाळ्यात धान्याला ऊन द्यायचं, चाळायचं, निवडायचं आणि कोठीत भरायचं. एवढं करूनही श्रावणात कोठी उघडली की दाण्यांना भोकं पडलेली आणि खाली पिठूळ भुगा साचलेला. पोरकिडे, सोंडे, टोके, ज्या गावात जे नाव असेल ते.

मग कुणीतरी सांगतं, दुकानातून ती गोळी आण आणि पोत्यात टाक. गोळी टाकली की किडे मरतात हे खरं आहे. पण ती गोळी नेमकं काय करते आणि तिच्यातून निघणारा वायू किडा आणि माणूस यांच्यात फरक करतो का, हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या आयुष्यातून सगळ्यात स्पष्ट मिळतं, तो माणूस म्हणजे हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. भारत सरकारचा कीटकतज्ज्ञ, मुंबई इलाख्यातल्या टोळांचा अभ्यासक आणि आज जगभर नाव असलेल्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीचा जनक.

दुष्काळानंतर आलेला साहेब

लेफ्रॉय यांचा जन्म 20 जानेवारी 1877 रोजी इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात क्रॉन्डल इथे झाला. शिक्षण मार्लबरो कॉलेज आणि मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये. काही काळ शाळेत मास्तरकी केली आणि 1899 मध्ये ते थेट वेस्ट इंडीजला गेले. बार्बाडोसमध्ये उसाला लागणाऱ्या किडीवर काम करणं ही त्यांची पहिली मोठी नोकरी.

तेव्हा भारतात काय चाललं होतं? 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ येऊन गेले होते. शेतीकडे शास्त्रीय नजरेने बघितलं पाहिजे, हे सरकारलाही पटायला लागलं होतं. त्यातूनच इम्पीरियल एन्टोमॉलॉजिस्ट, म्हणजे साम्राज्याचा कीटकतज्ज्ञ, हे पद तयार झालं. पहिली नेमणूक 1901 मध्ये लायोनेल द निसव्हिल यांची झाली. ते फुलपाखरांचे मोठे जाणकार होते, पण त्याच वर्षी मलेरियाने गेले. कीटकांचा अभ्यास करायला नेमलेला माणूस डासाच्या चाव्याने गेला.

1903 मध्ये त्या रिकाम्या खुर्चीवर लेफ्रॉय आले. वय होतं जेमतेम 26.

सुरुवातीला त्यांचा मुक्काम सुरतेला होता. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून बिहारमधल्या पुसा इथे 1905 मध्ये शेती संशोधन संस्था उभी राहिली आणि लेफ्रॉय तिकडे गेले. 1934 च्या भूकंपात पुसाची इमारत पडली आणि संस्था दिल्लीला हलली. दिल्लीतली आजची पुसा इन्स्टिट्यूट ती हीच.

सह्याद्रीतला टोळ

लेफ्रॉय आले तेव्हा मुंबई इलाख्यावर टोळांचं संकट होतं. पुणे जिल्हा तेव्हा याच इलाख्यात. हा टोळ राजस्थानच्या वाळवंटातून येणाऱ्या टोळापेक्षा वेगळा. त्याला नावच बॉम्बे लोकस्ट असं पडलं. 1903-04 मध्ये लेफ्रॉय यांनी त्याचा माग काढला. 1906 मध्ये त्यांचा अहवाल छापून आला.

त्यातून जे चित्र पुढे आलं ते असं. हा टोळ हिवाळ्यात पश्चिम घाटाच्या जंगलात थांबतो. पाऊस सुरू झाला की खाली गवताळ माळांवर उतरून जमिनीत अंडी घालतो. वर्षाला एकच पिढी. त्याची पिल्लं ज्वारी, बाजरी, भात खात वाढतात.

हे कळल्याचा फायदा काय? मोठे टोळ उडून गेल्यावर हात चोळत बसण्यापेक्षा पंख न फुटलेली पिल्लं कुठे आणि कधी सापडतील हे आधीच कळतं. तिथेच ती जाळ्यांनी, पिशव्यांनी गोळा करून मारता येतात. विषाचा थेंबही लागत नाही.

लेफ्रॉय यांची कामाची पद्धत इथे दिसते. आधी किड्याचं आयुष्य समजून घ्यायचं, त्याचा कच्चा दुवा शोधायचा आणि मग घाव घालायचा. कपाशीच्या बोंडअळीवर काम करताना त्यांनी अळीवर जगणाऱ्या एका छोट्या परजीवी कीटकाचा उपयोग केला. मित्रकीटक हा शब्द आज आपल्याकडे कृषी विभागाच्या प्रत्येक पत्रकात असतो. ते काम लेफ्रॉय शंभरहून जास्त वर्षांपूर्वी करत होते. ब्रॅकॉन लेफ्रॉयी हे त्या परजीवीचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरूनच पडलं.

दाण्याच्या आत लपलेला चोर

1906 मध्येच त्यांचं इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स हे पुस्तक आलं. शेतातल्या किडींबरोबर साठवलेल्या धान्यातल्या किडींचाही त्यात विचार होता. 1909 मध्ये आलेला इंडियन इन्सेक्ट लाइफ हा त्यांचा ग्रंथ साडेसातशेहून जास्त पानांचा आहे. भारतातले कीटक ओळखायला अभ्यासक आजही तो उघडतात.

साठवलेल्या धान्यातली कीड शेतातल्या किडीपेक्षा अवघड का असते?

सोंडकिड्याचं उदाहरण घ्या. मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि ते भोक चिकट पदार्थाने बुजवून टाकते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. आत अळी दाणा खात वाढते, तिथेच कोष करते आणि उबदार हवेत साधारण महिनाभराने भुंगेरा होऊन बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला किडे दिसतात तेव्हा पुढची पिढी दाण्यांच्या आत तयार असते. म्हणूनच चाळून काढलेल्या धान्यात पंधरा दिवसांनी पुन्हा किडे दिसतात.

खापरा हा दुसरा वस्ताद. याच्या केसाळ अळ्या कोठीच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत लपून महिनोन् महिने उपाशी राहू शकतात. त्याचं खापरा हे आपल्याकडचं नाव जगभरच्या बंदरांवर आजही तसंच वापरलं जातं आणि तो सापडला की अख्खं जहाज अडवलं जातं.

असा आत बसलेला शत्रू फवारणीने मरत नाही. त्याच्यापर्यंत पोचेल असं एकच हत्यार असतं, ते म्हणजे वायू. किड्याला नाक नसतं. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात आणि त्यातून तो श्वास घेतो. दाण्याच्या आत शिरू शकणारा वायू या छिद्रांतूनही शिरतो.

पेवाचं रसायन

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांचं वायूचं यंत्र जमिनीखाली होतं.

देशावर ज्वारी साठवायला पेव असायचं. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा किंवा भुसा लावलेला, वरून तोंड मातीने लिंपून बंद. आतलं धान्य आणि किडे दोघंही श्वास घेतात. हळूहळू आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. किडे गुदमरतात. बाहेरचं कुठलंही औषध न घालता ज्वारी टिकते.

पण जुनी माणसं आणखी एक गोष्ट सांगायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, दिवा खाली सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल. ही काळजी न घेतल्याने पेवात माणसं गेलेली आहेत. किड्याला मारणारी हवा माणसालाही मारते, हे त्या दिव्याच्या परीक्षेत धरलेलंच होतं.

लेफ्रॉय यांच्या काळात गोदामातल्या धान्यासाठी कार्बन डायसल्फाइड हे औषध वापरलं जाई. हा द्रव उघड्या भांड्यात धान्याच्या वर ठेवायचा. त्याची वाफ होते, ती हवेपेक्षा अडीचपट जड असते, त्यामुळे दाण्यांच्या फटींतून तळापर्यंत उतरते. काम चोख होतं. अडचण एवढीच की ती वाफ माणसाला विषारी आणि एका ठिणगीने पेट घेणारी. बिडी पेटवली तरी गोदाम उडायचं.

घरातलं दुःख आणि महायुद्ध

भारतातल्या वर्षांनी लेफ्रॉय यांना नाव दिलं, पण त्याची किंमतही घेतली. त्यांची दोन मुलं इथे कीटकांमुळे पसरणाऱ्या आजारांनी गेली. त्यानंतर त्यांनी भारत सोडला. 1912 मध्ये ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इथून पुढे त्यांचं आयुष्य वेगळ्या वळणावर गेलं. किड्याचं जीवनचक्र मागे पडलं आणि किडे मारणारी रसायनं पुढे आली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. खंदकांत सैनिकांना उवांनी छळलं. लेफ्रॉय यांनी उवा मारायची औषधं तयार केली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, माश्यांमुळे आजार पसरत होते. 1916 मध्ये ते तिथे गेले. याच आघाडीवर हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन लढत होती. एप्रिल 1916 मध्ये कुत इथे तिला शरण यावं लागलं, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेत शत्रूच्या गोळीइतकीच आजारानेही माणसं गेली.

मग आला धान्याचा प्रश्न. ब्रिटनने ऑस्ट्रेलियाचा गहू विकत घेऊन ठेवला होता, पण जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजंच मिळत नव्हती. गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर पडून राहिल्या. आधी उंदरांनी धुमाकूळ घातला, मग सोंडकिडे लागले. इकडे ब्रिटनमध्ये पावाची चणचण आणि तिकडे गव्हाचा भुगा. हा गहू वाचवण्यासाठी लेफ्रॉय यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आलं.

तिथे गहू यंत्रातून तापवून किडे मारायची पद्धतही वापरली गेली. आपण उन्हाळ्यात गच्चीवर धान्य पसरतो त्यामागे हेच तत्त्व आहे. उष्णतेने दाण्यातला ओलावा कमी होतो, पुरेशी उष्णता मिळाली तर आतली अळीही मरते. फरक एवढाच की गच्ची फुकट आहे.

लाकडातली अळी आणि कंपनीचा जन्म

युद्धाच्या तोंडावर, 1914 मध्ये, लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छत धोक्यात असल्याचं लक्षात आलं होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेलं ते प्रचंड लाकडी छत भुंगेऱ्यांनी आतून पोखरलं होतं. शत्रू तसाच, बाहेरून न दिसणारा. लेफ्रॉय यांनी लाकडात मुरून अळ्यांना मारणारं मिश्रण तयार केलं आणि छत वाचायला मोठी मदत झाली.

ही बातमी पसरली तशी जुन्या घरांचे मालक ते औषध मागायला लागले. लेफ्रॉय यांनी बेसी ईड्स या सहकारी बाईंबरोबर ते विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं होतं एन्टोकिल. ग्रीक भाषेत कीटकाला एन्टोमोन म्हणतात, त्यावरून. पण ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. मग पुढे एक अक्षर जोडलं आणि 1925 मध्ये रेंटोकिल या नावाने कंपनीची नोंद झाली. आज ही जगातल्या सगळ्यात मोठ्या पेस्ट कंट्रोल कंपन्यांपैकी एक आहे आणि भारतातही तिचं काम चालतं.

10 ऑक्टोबर 1925

कंपनी सुरू झाली त्याच वर्षी लेफ्रॉय आपल्या प्रयोगशाळेत माश्या मारणाऱ्या वायूवर प्रयोग करत होते. किड्यांना झटपट मारेल असा वायू त्यांना हवा होता. 10 ऑक्टोबर 1925 रोजी ते प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडले. फुप्फुसात विषारी वायू गेला होता. चार दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, त्यांचा मृत्यू झाला. वय होतं 48.

हा माणूस अडाणी नव्हता. किड्यांचं शरीर, वायूचं वजन, विषाची मात्रा, हे सगळं त्याच्याइतकं जाणणारे तेव्हा जगात मोजके लोक होते. खोली त्याची, वायू त्याचाच, प्रयोगही त्याचाच. तरीही एका चुकीला माफी मिळाली नाही.

कंपनी पुढे बेसी ईड्स यांनी चालवली.

आपल्या कोठीघरातली गोळी

लेफ्रॉय गेल्यानंतर कार्बन डायसल्फाइड मागे पडलं. मिथाइल ब्रोमाइड आलं, पण त्याने ओझोनच्या थराला इजा होते म्हणून जगाने ते जवळपास थांबवलं. आता धान्यासाठी सगळ्यात जास्त वापर होतो तो फॉस्फीन वायूचा.

दुकानातल्या त्या गोळीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया झाली की फॉस्फीन सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम वायू निघतो. तो दाण्याच्या आत जातो, किड्याच्या पेशीत शिरतो आणि पेशीला ऊर्जा तयार करू देत नाही. किडा मरतो.

आता हे नीट वाचा. माणसाच्या पेशीही ऊर्जा त्याच पद्धतीने तयार करतात. त्यामुळे फॉस्फीन माणसाच्या पेशीतही तेच करतो.

हिशोब करून बघू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली. दारं-खिडक्या बंद. धान्यात पाच गोळ्या. सगळा वायू खोलीत पसरला तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे सव्वाशे भाग होतात. जिवाला तत्काळ धोका मानायची मर्यादा 50 भागांची आहे. अशा खोलीत कुणी झोपलं असेल तर?

या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. वासावर विसंबता येत नाही, कारण शुद्ध फॉस्फीनला वास नसतो आणि लसणासारखा जो वास येतो तो त्यातल्या इतर घटकांचा असतो. म्हणूनच भारतात ही गोळी सामान्य ग्राहकाला विकायची परवानगी नाही. ती सरकारी गोदामं आणि प्रशिक्षित पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तिथे धान्यावर ताडपत्री घालून कडा सील करतात, आत माणूस जाऊ देत नाहीत आणि नंतर हवा मोकळी झाली की नाही हे यंत्राने मोजतात. घरात यातलं काहीच होत नाही.

मग घरी करायचं काय?

लेफ्रॉय यांनी आधीच्या आयुष्यात जे केलं तेच. किड्याचा कच्चा दुवा पकडायचा.

किड्याला ओलावा लागतो. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. वाळवलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर आत घाम धरतो.

किड्याला हवा लागते. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी काठोकाठ भरा. वर मोकळी जागा जितकी कमी तितका प्राणवायू कमी. पेवाचं तत्त्व तेच, फक्त जमिनीवर आणलेलं.

किड्याला लपायला जागा लागते. जुनं धान्य संपल्याशिवाय नवं त्यावर ओतू नका. कोठी रिकामी करून झाडा, फटी साफ करा, पोती उलटी करून उन्हात टाका. खापरा तिथेच बसलेला असतो.

डाळी-कडधान्याला एरंडेलाचा हलका हात लावायची आजीची पद्धत शास्त्राला धरून आहे. तेलाच्या थराने अंड्यांचा श्वास कोंडतो. धान्यात राख मिसळायची पद्धतही तशीच. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात आणि त्याच्या अंगातलं पाणी उडून तो मरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घाला, ओला पाला धान्याला ओलावा देतो.

आणि धान्य जास्त असेल, कीड आवरत नसेल, तर परवाना असलेल्या माणसाला बोलवा. राहत्या घरात गोळी आणू नका. कुणी आधीच टाकली असेल तर त्या खोलीत झोपू नका, मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. मळमळ, छातीत दाटून येणं, चक्कर असं काही वाटलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गोळीबद्दल स्पष्ट सांगा.

ही माहिती गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जरूर टाका. या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या घरात धान्य भरायचं काम चालू असेल, आणि कुणीतरी दुकानात ती गोळी मागत असेल.